होम्सचा दहावा माणूस

शेरलॉक होम्सचे नाव ऐकले नाही असा शिक्षक विरळा. भालबा केळकरांनी त्याला मराठीत आणले, त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. तरी ज्या कादंबरीत तो प्रथम अवतरला, ती १८८७ सालची 'अ स्टडी इन स्कार्लेट' आम्ही किन्हीराजाच्या काही शिक्षकांनी अलीकडेच प्रथम वाचली. विज्ञान शिकविणाऱ्याला तिचा काय उपयोग, हे आम्हाला पाहायचे होते.

लेखक आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर. म्हणून होम्स आपल्याला प्रथम प्रयोगशाळेतच भेटतो. रक्ताचा डाग हमखास ओळखणारे रसायन सापडल्याचा त्याला आनंद झालेला असतो. हे रसायन काल्पनिक आहे. माणसाचे रक्त प्राण्यांच्या रक्तापासून वेगळे ओळखण्याची खरी चाचणी पॉल ऊलेनहूट यांनी १९०१ मध्ये दिली. येथे कल्पना विज्ञानाच्या पुढे गेली. पण पुढे खुनाच्या खोलीत भिंतीवर रक्ताने शब्द लिहिलेला असूनही बोटांचे ठसे कोणी शोधीत नाही. हेन्री फॉल्ड्स यांनी तर १८८० सालीच 'नेचर' नियतकालिकात हा उपाय सुचविला होता.

आमचा मुख्य आक्षेप मात्र तर्काविषयी आहे. होम्स आपल्या पद्धतीला निगमन म्हणतो. निगमन, म्हणजे आपली अवगामी पद्धत, नियमाकडून उदाहरणाकडे जाते. होम्स खुणांवरून कारणाकडे जातो. असा तर्क संभाव्य असतो, ती सिद्धता नव्हे. पावलांतील अंतरावरून दहापैकी नऊ वेळा उंची सांगता येते, असे तो म्हणतो. मग दहाव्या माणसाचे काय? कादंबरीत तो भेटतच नाही, कारण उत्तर लेखकाने आधीच ठरविलेले असते. प्रयोगशाळेत ही सोय नसते. एका प्रसंगी मात्र होम्सचा अंदाज पहिल्या चाचणीत फसल्यासारखा दिसतो. तो अस्वस्थ होतो आणि पुन्हा विचार करतो. पुस्तकातील ती पाने सर्वांत मोलाची आहेत. उत्तरार्धात कथा अमेरिकेत जाते आणि तपासाचा धागा बराच काळ सुटतो, हे तिचे वैगुण्य.

तरीही ही कादंबरी मुलांना जरूर वाचायला द्यावी. मग पाऊस उघडल्यावर आपल्या ओल्या काळ्या मातीत त्यांना चालायला लावावे, पावलांतील अंतर मोजावे आणि उंचीशी त्याचा आलेख काढावा. डोक्यावर ओझे घेऊनही चालवून पाहावे. आलेखावर जो बिंदू रेषेपासून दूर पडेल, तो होम्सचा दहावा माणूस. विज्ञानाचा खरा तास त्याच्यापासूनच सुरू होतो.