गर्व आणि पतन : एका इंग्रजी म्हणीचा विचार

एखादा प्रतिष्ठित गृहस्थ अधिकारावरून उतरला किंवा एखाद्या धनिकाचें दिवाळें निघालें, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींत कोणी तरी 'प्राइड गोज बिफोर अ फॉल' ही इंग्रजी म्हण उच्चारतो, आणि विषय तेथेंच संपतो. म्हण सुटसुटीत आहे खरी. परंतु तिचा असा उपयोग तिच्या मूळ अर्थाला धरून नाहीं आणि न्यायालाही धरून नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम शब्दार्थ पाहूं. 'गोज बिफोर' म्हणजे 'अगोदर चालतो'. राजाच्या स्वारीपुढें भालदार-चोपदार चालावेत तसा गर्व पुढें चालतो, आणि त्याच्या मागून पतन येतें. आमची 'गर्वाचें घर खालीं' ही म्हण तेंच तत्त्व सांगते. मात्र इंग्रजी म्हणींत क्रम सांगितला आहे, मराठींत ठिकाण.

म्हणीचें मूळ बायबलांतील 'नीतिसूत्रें' या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायांतील १८ व्या वचनांत आहे. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत त्याचे दोन चरण दिसतात. पहिल्यांत गर्वामागून नाश येतो असें म्हटलें आहे, दुसऱ्यांत उद्दाम वृत्तीमागून पतन. लोकांनीं पहिल्याचें तोंड आणि दुसऱ्याचें शेंपूट जोडून ही म्हण बनविली. एकच विचार दोन चरणांत निराळ्या शब्दांनीं मांडण्याची हिब्रू काव्याची रीत रॉबर्ट लोथ यानें १७५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत विशद केली आहे. ती ध्यानांत घेतां या जोडकामानें अर्थाची हानि फारशी झाली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

हानि झाली ती उपयोगानें. लगेच पुढच्या वचनांत, गर्विष्ठांबरोबर लूट वांटून घेण्यापेक्षां दीनांच्या संगतींत नम्रतेनें राहणें बरें, असा उपदेश आहे. अर्थात् हें सूत्र जो अद्याप उभा आहे व ज्याला आपली वाट निवडावयाची आहे, त्याच्यासाठीं आहे. आम्ही मात्र तें पडलेल्याच्या अंगावर फेकतों. शिवाय यांत तर्कदोषही आहे. विषानें मरण येतें, म्हणून मेलेला प्रत्येक मनुष्य विष प्यालेला असतो, असें कोणी म्हणत नाहीं. मग प्रत्येक पतनापूर्वीं गर्व होताच, हें कशावरून? याच बायबलांत ईयोबाची कथा आहे. तो निर्दोष असतां त्याची संपत्ति व संतति नष्ट होते. सांत्वनासाठीं आलेले मित्र त्यानें पाप केलेंच असलें पाहिजे असा हट्ट धरतात, आणि अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो त्या मित्रांवर. आमच्या हरिश्चंद्राचें राज्य गेलें तेंही गर्वामुळें नव्हे, वचनपालनामुळें.

एका सहकाऱ्यानें पद सोडलें तेव्हां आम्हींही ही म्हण मोठ्या ऐटींत उच्चारली होती. पुढें त्यांच्या पदत्यागाचें कारण घरांतील दीर्घ आजारपण होतें असें कळलें, आणि आम्हांस मान खालीं घालावी लागली. त्या प्रसंगीं गर्व कोणाच्या पुढें चालत होता, हें सांगणें नको. ही म्हण दुसऱ्याच्या पडत्या काळांत उच्चारण्याची नव्हे. आपल्या चढत्या काळांत, आणि तीही स्वतःशींच, म्हणावयाची आहे.