चार डब्यांचा तक्ता काय शिकवतो?

श्रीरामपूरच्या रुग्णालयांत किंवा रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत भिंतीवर एक रंगीत तक्ता सहसा दिसतो. त्यावर पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार डबे काढलेले असतात आणि प्रत्येकाखाली त्यात काय टाकायचे याची यादी असते. केंद्र सरकारने २८ मार्च २०१६ रोजी जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. हा तक्ता म्हणजे त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीचे चित्ररूप होय.

शाळेबाहेर सामान्य माणसाच्या नजरेस पडणारे विज्ञानाचे तक्ते मुळात थोडे. त्यांपैकी हा एक असल्याने वर्गातल्या तक्त्याला आपण जी कसोटी लावतो तीच त्यालाही लावून पाहायला हरकत नाही. तक्ता पाहणाऱ्याला नुसते काय करायचे ते कळते, की का करायचे तेही कळते?

आधी त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. जुलै १९९८ मध्ये या विषयावरचे पहिले नियम आले, तेव्हा कचऱ्याचे दहा वर्ग होते आणि पिशव्यांचे रंग निराळे. काही वर्गांचा कचरा दोनपैकी कोणत्याही रंगात चालत असे. दहा वर्ग पाठ करून पुन्हा रंग लक्षात ठेवणे हे काम करणाऱ्या माणसाला अवघडच होते. २०१६ च्या नियमांनी हा गुंता सोडवला. आता रंग म्हणजे त्या कचऱ्याचा पुढचा मार्ग. पिवळ्यातले मुख्यतः भट्टीत जाते. लालमधले प्लॅस्टिक वाफेने निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन पुनर्वापराला जाते. पांढऱ्या डब्यातल्या सुया-पाती निर्जंतुक करून निकामी केल्या जातात. निळ्यातली काच निर्जंतुक होऊन पुन्हा काच होते. ही मांडणी सुबक आहे. पण बहुतेक तक्त्यांवर डबे असतात, मार्ग नसतो. रंग का ठरला हे ज्यामुळे समजले असते, नेमके तेवढेच चित्रातून गळलेले असते.

कारण वगळले की काय होते ते पाहण्यासाठी सलाइनची नळी घेऊ. विद्यार्थ्यांना विचारून पाहावे : रक्त लागलेली नळी कुठे टाकाल? बहुतेक जण म्हणतील, जाळून टाका. तक्ता तिला लाल डब्यात घालायला सांगतो. का, ते सांगत नाही. ही नळी पुष्कळदा पीव्हीसीची असते आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतो. तो जळताना हायड्रोजन क्लोराइड तर निघतोच, शिवाय भट्टीतील वायू थंड होत असताना डायॉक्झिन आणि फ्युरान ही अतिशय विषारी संयुगे बनू शकतात. म्हणून भट्टीच्या दुसऱ्या कक्षाचे तापमान सुमारे १०५० अंश सेल्सिअस असावे आणि वायू तेथे किमान २ सेकंद राहावा, अशी अट आहे. धुराड्यातून निघणाऱ्या वायूत या संयुगांची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम इतकी कडक आहे. क्लोरीन भट्टीत जाऊच न देणे हा यावरचा पहिला उपाय, आणि लाल डबा हा तो उपाय आहे.

एवढे कळले की इतर गोष्टी आपोआप उलगडतात. पिवळी पिशवी क्लोरीनविरहित प्लॅस्टिकचीच का हवी? कारण ती स्वतः भट्टीत जाते. जाळायच्या कचऱ्यावर आधी रसायनाची प्रक्रिया करू नये, असे १९९८ च्या नियमांतही का होते? रक्ताने माखलेला कापूस सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवून पिवळ्या पिशवीत टाकणारा माणूस चांगल्या हेतूनेच तसे करतो. जंतुनाशक जितके जास्त तितकी सुरक्षितता जास्त, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात लाल डब्याने जो क्लोरीन भट्टीबाहेर ठेवला, तोच तो मागच्या दाराने आत पाठवतो. तक्त्याने त्याला नियम दिला, रसायनशास्त्र दिले नाही, म्हणून ही चूक होते.

दुसरे उदाहरण सुईचे. पांढरा डबा न टोचला जाणारा हवा, एवढे तक्ता सांगतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत असते. हिपॅटायटिस सी साठी हा आकडा सुमारे २ ते ३ आणि एचआयव्हीसाठी सुमारे ०.३ आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० या एका वर्षात दूषित सुयांमुळे जगात हिपॅटायटिस बी चे २ कोटी १० लाख, सी चे २० लाख आणि एचआयव्हीचे २ लाख ६० हजार संसर्ग झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा येथे हिपॅटायटिस बी ची साथ येऊन अनेकांचे प्राण गेले. त्यामागे सुया-सिरिंजचा पुनर्वापर असल्याचे पुढे आले. वापरलेली सुई लगेच निकामी करायची ती यासाठी. ती धड राहिली तर तिला गिऱ्हाईक मिळू शकते.

या सगळ्यात तक्त्यावर माणूस कुठेच दिसत नाही. डबे आपोआप भरतात आणि आपोआप रिकामे होतात, असे चित्र आहे. प्रत्यक्षात पिशवी बांधणारी मावशी, ती उचलणारा कामगार, घंटागाडीवरचा सफाई कर्मचारी आणि कचऱ्यातून प्लॅस्टिक वेचणारी बाई असे चार-पाच हात त्यावरून जातात. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे हे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. तक्त्यावर ही एक ओळ आली असती, तर तो वाचणाऱ्या कामगाराला आपला हक्क कळला असता. त्याची भाषाही त्या माणसाला परकी आहे. मराठी म्हणवणाऱ्या तक्त्यांवर 'सॉइल्ड वेस्ट', 'ॲनाटॉमिकल वेस्ट' असे शब्द केवळ देवनागरीत उतरवलेले आढळतात. 'रक्ताने माखलेले बोळे आणि पट्ट्या' असे लिहायला जागा फार लागत नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. तक्ता कामाच्या जागेसाठी आहे. तेथे घाईत पटकन दिसेल अशी सूचना हवी, व्याख्यान नको. हे म्हणणे अर्धे खरे आहे. यादीत असलेल्या वस्तूपुरती सूचना पुरते. यादीत नसलेली वस्तू समोर आली की कारणच उपयोगी पडते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत घरोघरी मुखपट्ट्यांचा ढीग झाला, आणि मुखपट्टी कोणत्या रंगाची हा प्रश्न उभा राहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तेव्हाच्या मार्गदर्शनाप्रमाणे रुग्णाची मुखपट्टी पिवळ्या पिशवीत जायची. निरोगी माणसाची मात्र ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, कापून, साध्या कचऱ्यात द्यायची होती. तीन दिवस थांबायचे कारण विषाणू बाहेर फार टिकत नाही, आणि कापायचे कारण ती पुन्हा कोणी वापरू नये. ज्याला सुईचा नियम कारणासह माहीत होता, त्याला हा नवा नियम पाठ करावा लागला नाही.

श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावाला हे अधिक लागू पडते. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असेल, तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारायची नाही, असा नियम आहे. म्हणजे कचरा पिशवीत बंद होऊन, त्यावर बारकोड लागून गाडीने दूर जातो, आणि प्रक्रियेशिवाय तो ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नसतो. एकदा पिशवी बांधली की चूक सुधारायला कोणी ती उघडत नाही, आणि उघडूही नये. सारा निर्णय पहिल्या क्षणी, टाकणाऱ्या हातात असतो. येथे एक साधे गणित वर्गात घालण्यासारखे आहे. आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयाच्या कचऱ्यात सुमारे ८५ टक्के भाग घरच्यासारखा साधा असतो आणि १५ टक्के घातक. दोन्ही एकत्र केले तर घातक कचरा किती? उत्तर १५ नव्हे, १०० आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. हे नियम कोणाला लागू आहेत, त्या यादीत दवाखाने, रक्तपेढ्या, पशुवैद्यकीय संस्था यांच्याबरोबर शैक्षणिक संस्था आणि शाळांमधील प्रथमोपचार कक्ष यांची नावे आहेत. तक्ता मात्र शाळेत पोचलेला नाही. बोरावके महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे श्रीरामपुरात विज्ञान शिकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. रक्तगट तपासण्याचा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत झाला, की मागे लॅन्सेट, रक्ताचा बोळा आणि काचपट्टी उरते. लॅन्सेट पांढऱ्यात, बोळा पिवळ्यात, फुटलेली काच निळ्यात जायला हवी. जंतू वाढवलेल्या बश्या तर प्रयोगशाळेतच निर्जंतुक करून मगच पिवळ्या पिशवीत घालायच्या असतात, कारण वाटेत पिशवी फाटली तरी जिवंत जंतू बाहेर पडता कामा नयेत. त्यासाठी नियमांत १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब आणि ६० मिनिटे असे एक प्रमाण दिले आहे. स्वयंपाकघरातल्या कुकरचे हेच तत्त्व शिक्षकाला येथे आयतेच हाताशी मिळते.

रसायनांबाबत तर चार डब्यांचा तक्ता शाळेला वाऱ्यावर सोडतो. तुटलेल्या तापमापीतला पारा कोणत्या डब्यात? पिवळ्यात टाकला तर तो भट्टीत जाईल आणि ३५७ अंशांना उकळून वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडेल. पारा मूलद्रव्य आहे, आणि मूलद्रव्य जाळून नष्ट होत नाही. डायक्रोमेट आणि शिशाचे क्षार यांचेही तसेच. बेसिनमध्ये भरपूर पाण्याबरोबर सोडले म्हणजे ते संपत नाहीत, पसरतात. भंडारदऱ्याच्या कालव्यांवर ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात पाणी गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून शेताला कसे जाते, हे मुलांना सांगावे लागत नाही.

शैक्षणिक प्रयोगशाळेच्या कचऱ्याने माणूस मेल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९८५ पासून वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे किरणोत्सर्गी उपकरण २०१० मध्ये भंगार म्हणून लिलावात विकले गेले. पुढे मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. तेथील एक कामगार दगावला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. शाळेत कोबाल्ट नसतो, पण डेड स्टॉक रजिस्टर असते, निर्लेखन असते आणि भंगारवालाही असतो. वस्तू नोंदवहीतून गेली म्हणजे जगातून गेली, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

तेव्हा तक्ता फेकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. तो आहे त्यापेक्षा चांगला होऊ शकतो : डब्याखाली एक बाण, बाणाच्या टोकाशी भट्टी किंवा वाफेचे यंत्र, आणि शेजारी ते हाताळणारा, लस घेतलेला माणूस. एवढे चित्र आठवीचा वर्ग एका तासात काढू शकेल. दुसरी दुरुस्ती आपल्याच हातातली आहे. आपल्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे चार मथळे असतात आणि अनुमानापाशी प्रयोग संपतो. त्याखाली पाचवा मथळा घालावा : 'उरलेल्याचे काय केले?' ज्या प्रयोगासाठी या मथळ्याखाली लिहिण्याजोगे उत्तर सापडत नाही, तो प्रयोग कमी मात्रेत, दुसऱ्या रसायनाने किंवा दुसऱ्या रीतीने करता येईल का, याचा विचार शिक्षकाने प्रयोगाला हात घालण्यापूर्वीच करायला हवा.