नीम युरिया म्हणजे आयर्लंडचा ‘प्रोटेक्टेड युरिया’ नव्हे

थंडी सरताना गवताला पहिला नत्र कोणत्या खतातून द्यावा, यावर युरोपात भरपूर काम झालंय. चारा पिकांवर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की आयर्लंडचा एक पेपर हाती लागतोच: हार्टी आणि सहकारी, 2016. पेपर उत्तम आहे. माझी तक्रार तो आपल्याकडे वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

आधी त्याची ताकद बघा. तीन ठिकाणं, दोन वर्षं, शेजारी बिनखताचे प्लॉट. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटऐवजी युरिया वापरल्यावर नायट्रस ऑक्साइड सुमारे 80 टक्के घटला. याच कामातल्या 2017 च्या पेपरात (फॉरेस्टल आणि सहकारी) वर्षाचं उत्पादन दोन्ही खतांत सारखं निघालं, पण साध्या युरियातून गवताने उचललेला नत्र कमी भरला. नुसतं गवताचं वजन केलं असतं, तर हा फरक दिसलाच नसता. आपले कितीतरी खत-प्रयोग वजनकाट्यावरच संपतात!

आता वणीत या. आयर्लंडमध्ये वसंताच्या सुरुवातीला माती गार, ओली आणि बहुधा आम्लधर्मी असते. तिथे तेव्हा युरिया कमी उडतो. नायट्रेट वाहून जायची भीती जास्त. इकडे नेपियर (यशवंत, जयवंत) थंडीत आखडतो आणि फेब्रुवारीत फुटायला लागतो. तेव्हा दुपारचं ऊन तापलेलं, पाणी पाळीनं, आणि काळ्या चुनखडीच्या रानाचा सामू आठच्या आसपास. युरिया वर फेकला आणि लाइट नाही म्हणून पाणी दोन दिवसांनी दिलं, की अमोनिया उडालाच. (लसूण घास यात धरू नका, तो स्वतःचा नत्र बराचसा स्वतःच मिळवतो.)

खरी गल्लत पुढे होते. ‘प्रोटेक्टेड युरिया’त युरेज या विकराला रोखणारं रसायन असतं, म्हणजे युरियाचं अमोनियात रूपांतरच लांबतं. आपल्याकडे 2015 पासून सक्तीचा असलेला नीम कोटेड युरिया मुख्यतः पुढची पायरी लांबवतो, अमोनियमपासून नायट्रेट होण्याची. म्हणजे अमोनियम जास्त वेळ टिकतं. ते अल्कधर्मी मातीत वरच्या थरात राहिलं, तर उडायला उलट जास्त वेळ मिळतो. तेव्हा ‘नीम युरिया हा भारतीय प्रोटेक्टेड युरिया’ हे वाक्य प्रस्तावनेत दिसलं तर खोडा.

मग ट्रीटमेंट कोणत्या? 45 किलोची गोणी 266.50 रुपयांना, त्यात 20.7 किलो नत्र; म्हणजे किलोला जेमतेम 13 रुपये. शेतकरी युरियाच घेणार. त्यामुळे मला खतांच्या तुलनेपेक्षा ‘पाणी लगेच की दोन दिवसांनी’ ही तुलना जास्त मोलाची वाटते. अमोनियम सल्फेट ठेवायचंच असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. चुनखडीत त्यातूनही अमोनिया उडतो. आणि त्यात गंधक असतं, म्हणून युरियाच्या प्लॉटलाही जिप्समने तेवढंच गंधक द्या. नाहीतर वाढलेला चारा नत्राचा की गंधकाचा, हे व्हायव्हाला सांगता येणार नाही. बिनखताचा प्लॉट जागा खातो म्हणून गाळू नका, आणि चाऱ्याच्या वजनासोबत त्यातला नत्रही मोजा.