प्रलयानंतरची सोंगे

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ‘फॉलआउट ७६’ या खेळात नेमके उलटे आहे. तेथे मुरलेल्या खेळाडूला एकच सोंग आणणे जड जाते, आणि ते म्हणजे गरिबीचे. पाच-सहा वर्षे या खेळात घालवलेल्या माणसापाशी बाटल्यांच्या बुचांची रास असते (बुचे हेच तेथले चलन), अंगावर अभेद्य चिलखत असते, आणि दहा जन्म पुरेल इतका दारूगोळा असतो. कोणता राक्षस कोठे दडला आहे हे त्याला तोंडपाठ असते. पुढे पुढे तर खेळाच्या कर्त्यांनी उपाशी राहण्याचा दंडही काढून टाकला. जेवलात तर लाभ, न जेवलात तर काही नाही. ज्याला भूक नाही आणि भीती नाही, असा माणूस प्रलयानंतरच्या जगात कोण म्हणून वावरणार? जुने खेळाडू ‘आता नवे सोंग काय घ्यावे’ असे एकमेकांना विचारत असतात. या प्रश्नाकडे करमणुकीचा प्रश्न म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. चार कादंबऱ्या लिहून झाल्यावर पाचवीच्या पहिल्या पानाशी बसलेल्या लेखकाचाही प्रश्न हाच असतो.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो १४ नोव्हेंबर २०१८ रोजी बाहेर आणला. कथेप्रमाणे २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुबाँब पडून जग बेचिराख झाले आहे, आणि पंचवीस वर्षे भुयारी आश्रयस्थानात काढलेली निवडक माणसे २१०२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ प्रदेशात बाहेर पडत आहेत. ही माणसे म्हणजे आपण, खेळाडू. आंतरजालावरून एका वेळी वीस-पंचवीस जण त्या एका मुलुखात हिंडतात, घरे बांधतात, व्यापार करतात, एकमेकांशी बोलतात.

आरंभी या मुलुखात खेळाडूंखेरीज एकही जिवंत माणूस नव्हता. होती ती यंत्रे, प्रेते, आणि मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिफिती नि चिठ्ठ्या. समीक्षकांनी यावरून खेळाला झोडपले. त्यातले तांत्रिक दोष पुष्कळ होते आणि त्याबद्दलची टीका रास्तच होती. परंतु माणसांच्या अभावाबद्दलची टीका मला कधी पटली नाही. बाँब पडल्यानंतर डॉक्टर, पोलीस आणि आगीच्या बंबावरची माणसे एकत्र येऊन ‘रिस्पॉन्डर्स’ नावाचे एक मदतपथक उभे करतात. २०८२ च्या नाताळच्या दिवशी लुटारू समर्सव्हिलचे धरण फोडतात आणि चार्ल्सटन शहर पाण्याखाली जाते. हे सारे आपल्याला चिखलात रुतलेल्या अवशेषांतून आणि मृतांच्या आवाजातून तुकड्या-तुकड्याने कळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाच्या पुण्याच्या हकिकती ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हा अनुभव परका वाटणार नाही. अशा जगात खेळाडूला एक भूमिका आपोआपच मिळालेली होती. ती म्हणजे मागे उरलेल्याची. एप्रिल २०२० मध्ये कर्त्यांनी लोकाग्रहास्तव तेथे जिवंत माणसे आणून वसवली, आणि त्या भूमिकेची धार गेली. त्याच महिन्यात आम्ही सारे घरांत कोंडलेले होतो आणि डांड्याचा किनारा रिकामा पडला होता, हा योगायोग मला विसरता येत नाही.

जुने खेळाडू नव्या सोंगासाठी जे मार्ग शोधतात त्यांतले बरेचसे मला फसवे वाटतात. एक मार्ग वेषाचा. आज डॉक्टराचा झगा, उद्या सरदाराची टोपी. परंतु टोपीखालचा माणूस तोच, त्याच बंदुकीने त्याच सफाईने मारणारा. दुसरा मार्ग दुष्टपणाचा. नरमांस खाणारे सोंग या खेळात सहज घेता येते आणि पुष्कळ जण ते घेतातही. पण जेथे कुणाचे खरे काही हिरावले जात नाही, तेथे दुष्टपणा हा केवळ आरडाओरडा ठरतो. तिसरा मार्ग सर्वांत प्रतिष्ठित आणि माझ्या मते सर्वांत घातक. तो म्हणजे पात्राचे पूर्वचरित्र रचण्याचा. बाप कोण, प्रेयसी कशी मेली, सूडाची शपथ कोणत्या रात्री घेतली, याची पानेच्या पाने लिहायची आणि मग खेळायला उतरायचे. प्रत्यक्ष खेळात त्यातले काहीही प्रकट होत नाही. आपल्या कादंबऱ्यांतही हा रोग आहे. नायकाचे दुःख पहिल्या प्रकरणात सांगून टाकायचे आणि उरलेली दोनशे पाने तो सुखवस्तू माणसासारखा चालतो-बोलतो.

येथे मला नाथांच्या भारुडांची आठवण होते. नाथांनी सोंगे निवडली ती कोणती? आंधळा, बहिरा, मुका, जोशी, वेडी, जोगवा मागणारी. यांतल्या कुणालाही पूर्वचरित्र नाही. प्रत्येकाला एक उणीव आहे किंवा एक धंदा आहे, आणि बोलण्याची सगळी तऱ्हा त्या उणिवेतून किंवा धंद्यातून येते. आंधळ्याचे सोंग घेणाऱ्याला आपण पूर्वी काय पाहिले ते सांगावे लागत नाही; काय दिसत नाही, एवढेच सांभाळावे लागते. कोकणातल्या दशावतारातही लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र जागच्या जागी. नटाला मोकळीक आहे ती बंधनाच्या आतली. आपण कोण हे ठरले आहे, काय करता येणार नाही हे ठरले आहे, म्हणूनच तो पहाटेपर्यंत बोलू शकतो.

तेव्हा मुरलेल्या खेळाडूने काय मिळवावे, हा विचार सोडून काय टाकावे, हा करावा, असे माझे मत आहे. क्षणात कोठेही पोहोचवणारी सोय टाकावी आणि पायी चालावे. चार मैलांचा मुलूखही मग परदेश होतो. नकाशा टाकावा. शस्त्र एकच ठेवावे, तेही गावठी. आणि सर्वांत अवघड म्हणजे आपले ज्ञान टाकावे, निदान झाकून ठेवावे. आमच्या डांड्याला याचा नमुना रोज पाहायला मिळतो. वय झालेला तांडेल होडीवर जात नाही; किनाऱ्यावर सावली धरून जाळे शिवत बसतो. उधाण केव्हा, भांग केव्हा, कोणत्या वाऱ्यात डोल टाकू नये, हे त्याला ठाऊक असते. तो ते आपणहून सांगत नाही. विचारले तर अर्धे सांगतो, आणि उरलेले अर्धे होडीवरच्या पोराने समुद्राला विचारावे अशी त्याची अपेक्षा असते. (या खेळात जून २०२५ मध्ये मासेमारीही आली. एकेक मासा गळाला लावून काढण्याचा तो प्रकार पाहून आमचे कोळी पोट धरून हसतील.)

मी स्वतः एक पाणक्या उभा केला. ओहायो नदीच्या काठी, पॉइंट प्लेझंटजवळ. खऱ्या पॉइंट प्लेझंटचा झुलता पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळला आणि ४६ माणसे गेली. आपल्याकडे कोयनेचा भूकंप होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. त्या काठावर मी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे मांडून पाणपोई घातली. नियम असे: पाय अधू, म्हणून हाकेच्या अंतरापलीकडे जायचे नाही, बंदूक धरायची नाही, पाण्याचे मोल घ्यायचे नाही, आणि रस्ता विचारला तर स्वतः चालून जाता येईल तेवढाच सांगायचा. पहिले आठ-दहा दिवस कुणी थांबले नाही. पुढे एका रात्री एक नवखा आला, आवाजावरून पोरसवदा, हातात नळीची गावठी बंदूक. माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीने तो थोडा बावचळला, पण पाणी प्यायला थांबला. इतक्यात जळक्या देहांची एक टोळी उताराने खाली आली. तो म्हणाला, चला. मी म्हणालो, पाय चालत नाही. तो क्षणभर घुटमळला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

आता, प्रत्येक खेळाडूच्या नावापाशी त्याच्या पातळीचा आकडा दिसत असतो. माझा आकडा चारशेच्या वर होता, त्याचा विसाच्या आत. हा म्हातारा मनात आणील तर एका फटक्यात टोळी झोपवील, हे त्या पोराला दिसत होते. तरीही तो लढला, दोनदा पडला, पुन्हा उठला, आणि शेवटी ‘पाय कसा आहे’ असे विचारून गेला. बालगंधर्व १९१९ मध्ये ‘एकच प्याला’त सिंधू म्हणून उभे राहिले तेव्हा हा पुरुष आहे हे न जाणणारा प्रेक्षक नाट्यगृहात कोण होता? सोंग फसवणुकीवर चालत नाही. पाहणारा ते जाणून-उमजून अर्धे उचलतो तेव्हाच ते वठते. माझ्या पाणक्याला पाय त्या पोराने दिला.

म्हणूनच जुन्या खेळाडूंच्या दातृत्वाविषयी माझी तक्रार आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘फॉलआउट’ची दूरचित्रवाणी मालिका आली आणि नव्या माणसांची रीघ लागली. भुयाराच्या दाराशी जुने खेळाडू चिलखते, औषधे, बंदुका घेऊन स्वागताला उभे राहिले. मनाचा मोठेपणा यात आहेच. पण वर्गात वर्षानुवर्षे उभे राहिल्यावर एक गोष्ट मला दिसते. उत्तर आधी सांगितले की मुलगा कृतज्ञ होतो आणि गणित मात्र त्याचे राहत नाही. पहिल्या तासात ज्याला सारे मिळाले, त्याच्यापाशी गरिबीचे सोंग घेण्यापुरतीही आठवण उरत नाही.

कर्त्यांनीही एक उत्तर देऊन पाहिले. मार्च २०२५ पासून पन्नासाव्या पातळीपुढच्या खेळाडूला ‘घूल’ होता येते, म्हणजे किरणोत्साराने कातडी जळालेला, दीर्घायुषी, माणसांत न मोडणारा जीव. त्याला भूक-तहान नाही, किरणोत्साराने तो बरा होतो. परंतु औषध चुकले तर त्याच्यातले रानटीपण वाढत जाते. काही पक्ष त्याला दिसताक्षणी मारायला उठतात, म्हणून त्यांच्यात जाताना त्याला वेषांतर करावे लागते. सोंगाच्या आत सोंग! कल्पना फार चांगली आहे, कारण तीत लाभाबरोबर एक उणीव दिली आहे. पण खेळाडूंनी लगोलग हिशेब मांडला की या रूपात मारक शक्ती किती वाढते, आणि रानटीपणाच्या त्या काट्यालाही नफ्याचे साधन करून टाकले. वाळीत पडलेल्या माणसाची भूमिका समोर आली असता तिच्यातून केवळ बेरीज काढावी, याचे मला वाईट वाटले.

एक अडचण मात्र माझ्याही पाणक्यापाशी आहे. दशावतार पहाटेच्या दहीकाल्याने संपतो. रंग पुसून राजा पुन्हा माणूस होतो. हा खेळ संपत नाही. पात्र मेले तर दोन क्षणांनी थोडे अंतर सोडून पुन्हा उभे राहते. पात्राला खरा शेवट द्यायचा तर खेळाडूने ते आपल्या हाताने पुसून टाकावे लागते, घरादारासकट, बुचांसकट. असे करणारे फार थोडे. माझ्या पाणक्याचे आता दीड वर्ष झाले आहे. पाय अधू आहे, पाणी भरपूर आहे, आणि येणारे-जाणारे त्याला ओळखू लागले आहेत. गेल्या पावसाळ्यात दोनदा मी पुसण्याच्या आज्ञेपर्यंत जाऊन आलो.