ओचा, धोंड आणि श्यामची आई

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधलं ‘थोर अश्रू’ हे प्रकरण वाचताना आजची मुलं दोन शब्दांपाशी अडतात. एक धोंड, दुसरा ओचा. धोंड त्यांना ठाऊक असते ती गळ्यात पडणारी. इथली धोंड म्हणजे ज्यावर उभं राहून अंघोळ करायची तो मोठा दगड. एवढं सांगितलं की भागतं.

ओच्याचं तसं नाही. ‘नऊवारी लुगड्याचा पुढे खोचलेला भाग’ असं वहीत उतरवून घेतलं, तरी प्रसंग बंदच राहतो. ओच्यात फुलं घ्यायची, शेंगा घ्यायच्या, वेळेला हातही पुसायचे. पण तो अंगावरच्या लुगड्याचाच भाग. तो भिजला की बाई ओल्या लुगड्यानं वावरणार. हे कळलं की श्यामचा हट्ट नीट दिसू लागतो. संध्याकाळची अंघोळ झाली आहे, आईनं त्याचं अंग पुसलं आहे, आणि आता ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून तो तिला ओचा धोंडीवर पसरायला सांगतो. त्यावर पाय टिपून त्याला उडी मारायची आहे.

आई लगेच तयार होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ती विचारते, कुरकुरते, पोराला हट्टी ठरवते, आणि मग ओचा पसरते. परीक्षेत ‘श्यामच्या आईचे स्वभावचित्र रेखाटा’ असं आलं की ‘प्रेमळ, संस्कारी, त्यागी’ ही ठरलेली विशेषणं ओळीनं उतरतात, आणि ही कुरकुर नेमकी गळते. कुरकुर गळाली की आई तसबिरीत जाऊन बसते. साने गुरुजींनी तिला तिथं बसवलेलं नाही.

पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे तिचं सांगणं त्यानंतर येतं. तेवढंच वाक्य पाठ होतं, भिंतींवर रंगवलं जातं. मला ते तिच्या भिजलेल्या लुगड्यासकट वाचावंसं वाटतं. पोराचा हट्ट आधी पुरवून झाला आहे, म्हणून त्या वाक्यात उपदेशाची धार उरत नाही.

आणखी एक गोष्ट वर्गात निसटते. इथं श्याम दोन आहेत. एक धोंडीवर उभा असलेला पोरगा, दुसरा आश्रमात रात्री सोबत्यांना आठवणी सांगणारा मोठा श्याम. आईला त्या वेळी लुगडं बदलता येणार नव्हतं, हे मोठ्या श्यामला उमगतं. पोराच्या ते गावीही नसतं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. तोवर त्यांची आई जाऊन बरीच वर्षं लोटली होती. पोराचा निष्काळजीपणा सांगताना निवेदकाचा आवाज हळवा होतो, त्याचं कारण मला या अंतरात दिसतं.

आणि हीच आई ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात हातात शिंपटी घेते. पोहायला घाबरून लपलेल्या पोराला ती झोडते आणि विहिरीवर धाडते. विशेषणांची यादी करणाऱ्यानं ही शिंपटी कुठल्या रकान्यात घालायची?