मातीचे सैनिक आणि गतवैभवाची मोजदाद

मराठी समीक्षेने कादंबरी वाचली, पोवाडा वाचला, नाटक पाहिले. पण मराठी मुलाच्या हाती सर्वांत आधी जो इतिहास येतो, त्याच्याकडे तिने फारसे लक्ष दिले नाही. हा इतिहास दिवाळीच्या तोंडावर बाजारात पाटीत मांडलेला असतो. सिंहासनावरचे महाराज, भाला घेतलेला मावळा, तुतारीवाला, घोडेस्वार, तोफ आणि तोफेजवळचा गोलंदाज. नेवाशाच्या गल्लीबोळांत, प्रवरेकाठच्या गावांत आणि साऱ्या महाराष्ट्रात दगड-विटांचा ढीग रचून, त्यावर पोते अंथरून, चिखल लिंपून मुले किल्ला करतात. अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात आणि मग सैनिक उभे करतात. आमच्या मोहल्ल्यांतली मुलेही शेजारच्या अंगणात चिखल कालवायला जातात. या खेळावर आमचा आक्षेप नाही. मुलांनी हाताने माती कालवावी, याहून चांगला खेळ कोणता? आमचा प्रश्न वेगळा आहे. या किल्ल्यावर कोण उभे राहते, कोण राहत नाही, आणि मोठे झाल्यावरही आपण तोच किल्ला का रचत बसतो, हा तो प्रश्न.

खेळण्यातल्या सैनिकाचा एक स्वभाव असतो. त्याला एकच चेहरा, एकच पवित्रा आणि एकच शत्रू असतो. तो पगार मागत नाही, बाजू बदलत नाही, घरी परतत नाही. म्हणून साम्राज्यांना तो नेहमीच प्रिय वाटला. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली आणि हा खेळ मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचला. त्या संचांत हिंदुस्थानी फौजेतले बंगाल लान्सर्सही होते. त्याच्या आधीच्या काळात विन्स्टन चर्चिल या मुलाकडे सुमारे पंधराशे शिशाचे सैनिक होते. ते पाहून वडिलांनी त्याला फौजेत जाशील का, असे विचारले, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिले आहे. हाच मुलगा १८९६ मध्ये बंगळूरच्या छावणीत आला आणि पुढे जन्मभर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला विरोध करीत राहिला. साम्राज्य गेल्यावर तेच शिशाचे सैनिक तिथल्या हौशी लोकांच्या काचेच्या कपाटांत गेले. सत्ता उरली नाही, तिची बाहुली मात्र जपून ठेवली गेली.

आपल्याकडेही असे एक खेळणे होते. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ गोऱ्या माणसाच्या उरावर बसलेला आहे. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि माणूस कण्हतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, इंग्रजांनी तो वाघ लुटून लंडनला नेला आणि आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जिंकलेल्याने हरलेल्याचे खेळणेही आपल्या संग्रहात ठेवले.

मराठी ऐतिहासिक कादंबरी हा आमच्या मते मोठ्यांचा दिवाळीचा किल्ला आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत या कादंबरीला मोठा बहर आला. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मधली. 'श्रीमान योगी' त्यानंतरची. या लेखनाची भाषिक ताकद आम्ही नाकारत नाही. आमच्या घरांतही ही पुस्तके वाचली गेली आहेत. पण या कादंबऱ्यांच्या बाजारात मुसलमान पात्रांसाठी बहुधा दोनच साचे उपलब्ध राहिले. एक, डोळे लाल असलेला आक्रमक. दोन, मालकासाठी जीव देणारा इमानदार चाकर. विश्वास पाटलांच्या 'पानिपत' (१९८८) मधल्या इब्राहिमखान गारद्याविषयी आमच्या वाचकांना आपुलकी वाटते, ती साहजिक आहे. १७६१ च्या त्या लढाईत तो मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पण हा माणूस फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, आधी निजामाच्या नोकरीत असलेला व्यावसायिक सेनानी होता. त्याच्या तोफखान्याचे कसब, त्याच्या पलटणींचा पगार, मराठा सरदारांशी त्याचे लढाईच्या पद्धतीवरून झालेले मतभेद हे सारे आपल्या स्मरणातून गळते आणि 'एकनिष्ठ मुसलमान' एवढीच मूर्ती शिल्लक राहते. ना. सं. इनामदारांनी 'शहेनशहा' (१९७०) मध्ये औरंगजेबाला मनुष्य म्हणून आतून पाहण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न त्या काळी धाडसाचा होता. असे प्रयत्न बोटांवर मोजावे इतकेच आहेत.

इथवरची तक्रार आमच्या वाचकांना नवी नाही. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन झाले, तेव्हापासून ती मांडली जात आहे. पण आता ती स्वतःकडेही वळवायला हवी. कारण आपणही सैनिक गोळा करू लागलो आहोत.

दरवर्षी शिवजयंतीला आपल्या भाषणांत आणि मोबाइलवरच्या मजकुरांत एक यादी फिरते. आरमारातला दौलतखान, पायदळाचा सरनोबत नूरबेग, सिद्दी हिलाल, काझी हैदर. ही नावे खरी आहेत. गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' (१९८८) या पुस्तिकेतून ती घराघरांत पोचवली आणि त्या कामाचे मोल आपण जाणतो. २०१५ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पण यादी आता नावांवर थांबत नाही. फौजेत इतके टक्के मुसलमान, अंगरक्षकांत इतके, असे आकडे तिला चिकटतात. या टक्केवाऱ्यांना कागदाचा आधार नाही. मदारी मेहतरची कथा आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. तिला समकालीन पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. तरी आपण सांगत राहतो, कारण आपल्याला इतिहासापेक्षा दाखला हवा असतो. गावकामगाराकडून रहिवासाचा दाखला आणावा, तसा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फौजेकडून निष्ठेचा दाखला. आमचे म्हणणे असे की, या देशात नागरिक म्हणून उभे राहायला कोणाच्या पूर्वजाने कोणाच्या फौजेत भाला धरला होता, हे सिद्ध करावे लागू नये. यादी वाढवत नेली की आपण नकळत ती अट मान्य करतो.

दुसरा संग्रह याहून घातक आहे. आपल्या काही मुलांच्या मोबाइलवर औरंगजेबाची छबी झळकते. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात अशा मजकुरांवरून दंगल झाली. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून नागपूर पेटले. दुकाने जळाली, पोरे तुरुंगात गेली, आणि वकिलाचे पैसे कोणत्याही बादशहाने दिले नाहीत. त्या छबीचा वापर करून आग लावणारे दुसऱ्या बाजूला तयार बसलेले आहेत, हे आम्ही जाणतो. एका चित्रासाठी साऱ्या मोहल्ल्याला शिक्षा देणे हा अन्याय आहे, हेही ठामपणे म्हणतो. तरीही त्या मुलाला विचारावेच लागेल की, बाबा रे, हा सैनिक तुझ्या कपाटात आला कुठून?

तो मुलगा नगर जिल्ह्यातला असेल तर प्रश्न अधिकच टोकदार होतो. मलिक अहमदने वसवलेल्या या शहराची निजामशाही बुडवली कोणी? मोगलांनी. १५९५-९६ मध्ये चांदबीबी किल्ल्याच्या तटावर उभी राहिली ती शहजादा मुरादच्या फौजेविरुद्ध. मलिक अंबर हा हबशी गुलाम आयुष्यभर झुंजला तो मोगलांशीच. १६३६ मध्ये शाहजहानच्या काळात निजामशाही संपली. पुढे १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाने घेतले. दख्खनच्या तीनही सुलतानी दिल्लीने गिळल्या. १७०७ मध्ये औरंगजेब नगरजवळ भिंगारला वारला आणि खुलताबादला पुरला गेला. त्याच खुलताबादेत मलिक अंबरचीही कबर आहे. नगरहून तिकडे जाणारा आजचा रस्ता नेवासा फाट्यावरूनच जातो. दोन कबरी एकाच गावात. पण एक आक्रमण करणाऱ्याची आणि एक त्याला अडवणाऱ्याची. 'आम्ही राज्य केले' या वाक्यातला 'आम्ही' यांपैकी कोणता?

१६२४ च्या भातवडीच्या लढाईचा देखावा कोणी दिवाळीच्या किल्ल्यावर मांडून पाहावा. मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी. शरीफजी तिथेच पडले. समोर मोगल आणि आदिलशाही, आणि मोगलांकडे शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव. या दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याशी परंपरेने जोडलेली आहेत. १६३३ मध्ये याच शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाहीचा बालवारस गादीवर बसवून कारभार हाती घेतला. हा देखावा मांडताना मुलाला पहिलाच प्रश्न पडेल की, यातले आपले कोण? आमच्या मते इतिहासाचे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होते.

आणि आपले आजे-पणजे कोण होते? त्यांतले फारच थोडे गादीवर किंवा घोड्यावर होते. बाकीचे पिंजारी, तांबोळी, आतार, बागवान, मोमीन, मुलाणी, मणियार, फकीर. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. त्याच्या वाट्याला सुलतानाच्या काळातही सुपातले धान्यच आले. बादशाही गेल्याचे दुःख ज्यांना व्हायचे ते जहागीरदार वेगळे होते. त्यांचे दुःख पिंजाऱ्याच्या नातवाने का वाहावे? २०१४ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिमांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाअखेरीस विरून गेला. त्यावर आपल्या तरुणांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तिच्या कितीतरी पट चर्चा एका मृत बादशहावर झाली. गतवैभवाची नशा अशी महागात पडते.

२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंनी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या नावाशी आमचे भांडण नाही. पण नावे बदलणे हाही किल्ल्यावरचे सैनिक हलवण्याचाच प्रकार आहे. पाटी बदलली तरी जमीन तीच राहते, आणि जमिनीची साक्ष नेवाशाइतकी स्पष्ट क्वचितच मिळते.

१९५४ ते ५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेकाठचे लाडमोड टेकाड खणले. खाली अश्मयुगाची हत्यारे, वर ताम्रपाषाणयुगाची वस्ती, त्यावर सातवाहन काळ, आणि मोठ्या खंडानंतर सर्वांत वरचा थर. त्या थराला उत्खननकर्त्यांनी नाव दिले 'मुस्लिम-मराठा'. एकाच थराला जोडनाव. त्याच उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, दोऱ्यासकट. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणा आईने पोराच्या गळ्यात मणी ठेवले. नेवाशाने जपलेला इतिहास हा असा आहे.

याच गावी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ज्या खांबाला टेकून ती सांगितली, असे लोक मानतात, तो आजही इथे आहे. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. नावात संग्राम आहे. पण त्यातला शत्रू शेजारी नाही, तो आपल्याच आतला अहंकार आहे. मराठी मुसलमानाने लिहिलेली ही लढाई आपल्या मुलांच्या हाती आपण किती वेळा दिली?

आमच्या लेखकांकडून आता आमची एक अपेक्षा आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर पायथ्याशी एक गाव असते. जात्यावरची बाई, बैलगाडी, आडावरचे पाणी, भाजीवाली. मुले सैनिक आधी मांडतात आणि जागा उरली तर गाव मांडतात. मराठीची ऐतिहासिक कादंबरीही तशीच वागली. त्या गावातला मुलाणी, त्या बाजारातला तांबोळी, मोहिमेवर गेलेल्या शिपायाच्या मागे घर चालवणारी त्याची बायको यांची कादंबरी अजून लिहायची आहे. ती लिहायला शाही फर्माने पुरणार नाहीत. वतनाचे कागद, दर्ग्यांच्या सनदा, महजर आणि आजीच्या तोंडच्या ओव्या लागतील. हे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही, आणि ज्यांच्या घरांत हे कागद पेट्यांतून कुजत आहेत, त्यांनी ते आता उघडायला हवेत.