तिसरा उंबरठा

गीम्सा रंगाने रंगवलेली रक्ताची काचपट्टी आपण सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तिच्यावर तेलाचा थेंब सोडून डोळा लावला, की फिकट गुलाबी पेशीत एक इवलीशी निळी अंगठी उजळते. तिच्या कडेला लालजांभळा खडा. हा हिवतापाचा परजीवी, प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम. इतक्या नाजूक दागिन्याच्या पोटी एवढे दुखणे कसे, हे नवल ओसरण्याआधीच मनात येते, हा इथे जगतो तरी कशावर?

जगतो साखरेवर, आणि तीही आपल्या. गाठीशी पुंजी नसल्याने बाधित पेशी निरोगी पेशीच्या शंभरपटीपर्यंत ग्लुकोज फस्त करते. आजार बळावला की मुलांची रक्तशर्करा धोक्याच्या पातळीखाली उतरते ती काही अंशी यामुळेच. साखरेला या परजीवीपर्यंत पोचायला तीन उंबरठे ओलांडावे लागतात. पहिला आपल्याच तांबड्या पेशीचा, तिथे आपलाच ग्लूट-१ वाहक तिला आत घेतो. दुसऱ्या पडद्याला बारीक छिद्रेच आहेत, तिथे अडवणूक नाही. तिसरा मात्र परजीवीच्या स्वतःच्या अंगाचा. तिथे उभा आहे त्याचा साखरवाहक, पीएफएचटी-१ हे प्रथिन, आणि आपण थांबायचे ते इथे.

२०२० मध्ये या प्रथिनाची रचना उलगडली. पटलातून बारा वेळा आरपार जाणारी मळसूत्री वेटोळी, मधोमध साखरेची बैठक. ही बैठक आपल्या वाहकांतल्या बैठकीशी जवळजवळ हुबेहूब. तरी आपला ग्लूट-१ फ्रुक्टोजला दाराशीच नाकारतो, आणि हा ग्लुकोज व फ्रुक्टोज दोघांनाही आपलेसे करतो. मग वेगळेपण कशात? बैठकीत नव्हे, दाराच्या हालचालीत! साखर बसली की बाहेरचे दार मिटते, मग आतले उघडते. दोन्ही दारे मिटलेली ती क्षणिक, हाती न लागणारी अवस्थाच संशोधकांनी टिपली. वस्तू तीच असूनही बिजागरीच्या लवचिकपणाने तिचा स्वभाव पालटावा, यातले सौंदर्य मला फार मोहवते.

याच उंबरठ्यावर औषधाची आशा आहे. हा वाहक अडवणारा सी-३३६१ हा रेणू म्हणजे लांब शेपूट जोडलेले ग्लुकोजच. तो या प्रथिनात शिरला, की डोके साखरेच्या बैठकीवर विसावते, आणि शेपटासाठी शेजारी एक नवाच कप्पा उघडतो, एरवी कुठे दिसतही नसलेला.